दहाव्या ग्रहाला सदरा

जावई हा दहावा ग्रह, हे लेकीच्या लग्नातच ऐकलं होतं. पण हा ग्रह मला अमेरिकेतल्या इंडियानात, मन्सी गावी, भर उन्हात बनियनवर उभा करील, हे एकाही ज्योतिषाने सांगितलं नव्हतं.

शिकागोला लेकीकडे मुक्काम होता. "बाबा, चारच तासांवर आहे, येताय?" जावईबापूंनी विचारलं. मला वाटलं, धबधबा असेल. हिने थालीपीठ-लोणचं बांधून दिलं. एका वळणावर लोणच्याचा खार माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला, आणि पुढच्या वळणावर कळलं की आपण इन्सुलेटर बघायला चाललोय. तारेच्या खांबावर असतात ते! आपल्याकडचे चिनी मातीचे. लहानपणी आम्ही ते नेम धरून फुकटात फोडले. ह्यांना हवेत काचेचे, जुने, पैसे मोजून.

मन्सीच्या आसपास जमिनीतून गॅस निघाला म्हणून काचवाले तिथे धावले. इन्सुलेटर बनवणारी हेमिंग्रे कंपनी १८८८ साली आली. जुन्या वस्तूंच्या दुकानात जावईबापूंनी एक हेमिंग्रे उलटा करून दाखवला. आत आटे. १८६५ सालच्या पेटंटाआधी आटेच नसत, इन्सुलेटर खुंटीवरून निसटत. खालच्या कडेला ओळीने दाणे, पावसाचं पाणी टपकून जावं म्हणून. मला थेट माझी कवळी आठवली.

शेजारी एक जांभळा होता. जावईबापूंनी नाक मुरडलं. काचेतल्या मँगनीजमुळे वर्षानुवर्षं ऊन खाऊन जांभळी होते ती खरी. काही लबाड किरणं मारून रंग आणतात. म्हणजे माझ्या केसांसारखंच. पण निळसर-हिरव्या काचेत मधाच्या रंगाची शीर सापडली, तर नशीबच! तशी नव्हती. साधा ४२ नंबरचा घेतला, ज्याचं पीक लाखांनी आलं होतं.

मग फोटो. काचेचा रंग हवा तर उजेड मागून हवा, मध्ये पांढरा पडदा हवा. जावईबापूंची नजर माझ्यावर स्थिरावली. "बाबा, सदरा..."

जावयाला मानाचे कपडे देतात. अंगातला काढून देणारा सासरा मी पहिलाच.

रात्री फोटो संगणकावर उघडले आणि जावईबापू किंचाळले, "बाबा! शीर! मधाची शीर!"

हिने फोटो पाहिला, मग खुंटीवरचा सदरा पाहिला, आणि मला डोळ्यांनी दटावलं. मी गप्प. जावईबापू अजून बॅटरी लावून तो इन्सुलेटर फिरवतायत.