जॅकेटांची काळजी

गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या बोटवाल्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. लाइफ जॅकेट खाऱ्या पाण्याने खराब होते, हे त्यांनी वेळीच ओळखले. म्हणून ती छताखाली करकचून बांधलेली असतात. बोट उलटली तरी जॅकेटांना धक्का लागायचा नाही. दोन-तीन तेवढी मोकळी. गस्तीची होडी दिसली की पुढच्या बाकावरच्यांनी घालायची आणि हसायचे.

इंजिनाला लाल पिळाची एक दोरी असते. चालकाने ती मनगटात अडकवायची, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन बंद. आपल्याकडे ती स्टिअरिंगलाच बांधतात. चालक पडला म्हणून पैसे भरलेल्या पाहुण्यांची डॉल्फिन-सफर का थांबावी? शापोराच्या मुखाशी डॉल्फिन दिसताच सगळे एका बाजूला उभे राहतात. बोटही आदराने तिकडे झुकते.

२५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटला बोट उलटून एक पर्यटक दगावला, तेव्हा नियम सर्वांना आठवले. आठवण ही हंगामीच बरी.

आता बंदर कप्तान खात्याने एवढेच करावे: जॅकेट बुडाल्यावरच द्यावे, तेही बुडाल्याचा दाखला अर्जाला जोडल्यास. प्रयोग डिचोलीत, मयेच्या तळ्यावर करावा. पाणी गोडे आहे, अर्जाला मीठ लागणार नाही.

सुरक्षेत हयगय होते असे मात्र कोणी म्हणू नये. बोटीतला प्रत्येक मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत असतो. पट्टा गळ्यात, कडी दोनदा तपासलेली.