दाजी, जरा पॅडल मारा

आमच्या धाकट्या मेहुण्याला पाण्यावर घर चालवायचं आहे. सांगलीच्या त्यांच्या परसात जुनी सायकल स्टँडवर उभी, मागच्या चाकाला पट्ट्याने जोडलेला भंगारातल्या गाडीचा आल्टरनेटर, आणि त्याच्या वायरी लोणच्याच्या बरणीतल्या स्टीलच्या पट्ट्यांना. पाण्यातून वीज गेली की हायड्रोजन, हायड्रोजनवर इंजिन, इंजिनावर पुन्हा आल्टरनेटर, की वीजबिलाला रामराम!

"सुरुवातीला फक्त थोडा धक्का द्यायचा, दाजी!" तो धक्का म्हणजे मी. जावयाचा मान म्हणतात तो हाच. त्यात आल्टरनेटरला जाग यायलाही आधी बॅटरीची वीज लागते, म्हणजे बोहनीच उधारीवर.

पहिल्या खेपेला पाण्यात मीठ घातलं होतं. मिठाच्या पाण्यातून क्लोरीनही सुटतो आणि स्टील विरघळतं. बरणीत तपकिरी गाळ साचला, आणि परसात पोहण्याच्या तलावाचा वास कुठून येतोय म्हणून सासूबाई बाहेर आल्या. मग बरणी बदलली, कॉस्टिक सोडा आला. पट्टीवर मोहरीएवढे बुडबुडे धरले, तेव्हा मेहुण्याच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद होता.

हिशोब मात्र निर्दयी आहे. चांगल्या कारखान्यातही किलोभर हायड्रोजनला पन्नासेक युनिट वीज लागते. तो जाळून मिळतात ३३, आणि छोट्या इंजिनातून त्यातली पाव हाती आली तरी नशीब. प्रत्येक अदलाबदलीत दलाल आपलं कापून घेतोच. धडधाकट माणूस तासभर १०० वॅटने राबला, तर पदरात २ ग्रॅम हायड्रोजन. त्यावर दोनेक कप चहा होईल. चहा घेऊन मी पुन्हा पॅडलवर!

तरी या वेडाचं घराणं मोठं आहे. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावी पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली पवनचक्कीवर डायनॅमो चालवला, त्या विजेने हायड्रोजन काढून टाकीत साठवला आणि १८९५पासून काही वर्षं शाळेचे दिवे त्यावर लावले. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि शाळेच्या काचा नव्याने बसवाव्या लागत. पण वारा त्याला फुकट होता. हायड्रोजन ही फक्त साठवण. उलट अमेरिकेत पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्या स्टॅन्ली मायरला १९९६ साली ओहायोतल्या कोर्टाने लबाड ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. आमचा मेहुणा लबाड नाही. त्याने अजून माझ्या पायांखेरीज कुणाचंच भांडवल घेतलेलं नाही.

तुमच्याही घरात असा कुणी असेल तर एवढं करा: बरणी उघड्या हवेत ठेवायला लावा, झाकण गच्च बसवू देऊ नका आणि सासूबाईंची उदबत्ती त्या बाजूला नेऊ नका. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला की तो पेट घेतो, आणि भर उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही.