तीन व्होल्टांची झोपमोड

सोलरकाका ओळखायला अगदी सोपे. कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी ते मान वर करून गच्चीकडे बघतात. तिथे पॅनेल दिसलं की यजमानाची धडगत नाही. चहाचा कप पुढे यायच्या आत प्रश्न येतो, "कंट्रोलर कुठला बसवलाय?" यजमान बिचारा "निळा आहे, छोटासा" असं काहीतरी सांगतो. त्यावर काका उसासा सोडतात आणि खिशातून मल्टिमीटर काढतात. मल्टिमीटर कायम खिशात असतो. एकदा सत्यनारायणाच्या पूजेलाही होता.

वय साठीच्या पलीकडे. उभी हयात भोसरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात मेंटेनन्स खात्यात गेलेली. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हाती येतात, मुलं बंगळुरू नाहीतर बोस्टन गाठतात आणि काका मुळशीत दहा गुंठ्यांवर घर बांधतात. बांधून झाल्यावर कळतं, की विजेचा खांब दोन शेतं आणि एक ओढा ओलांडून पलीकडे आहे.

मुळशीत वीज नसावी यात एक ऐतिहासिक खोच आहे. समोरच्या तलावाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवून शंभर वर्षांपूर्वी मुंबईचे दिवे लागले. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून 1921 मध्ये सत्याग्रह केला. त्याच तलावाकडे तोंड केलेल्या व्हरांड्यात काका टॉर्चच्या उजेडात कॅटलॉग वाचतात. सरकारी मदतीचाही उपयोग नाही. सूर्यघर योजनेचं 78 हजारांपर्यंतचं अनुदान लाइनला जोडलेल्या छतासाठी. शेजारच्या शेतकऱ्याला सौर पंप मिळाला, पण त्याला बॅटरीच नसते; ऊन असेपर्यंत पाणी, मग दुसऱ्या दिवशी. काकांना तर रात्री नऊला बातम्या हव्यात. म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली की पॅनेल आणि तिच्यामध्ये चार्ज कंट्रोलर आला.

बाकी सगळी खरेदी एका शनिवारात आटोपली. पॅनेलं 330 वॉटची दोन, ट्युब्युलर बॅटऱ्या 150 अँपिअर-अवरच्या दोन, चोवीस व्होल्टांवर जोडायच्या. कंट्रोलर मात्र दिवाळीनंतर बघायला घेतला तो होळीपर्यंत ठरला नाही.

कारण काकांना वॉट वाया गेलेला सोसत नाही. ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका होम-स्टेमध्ये ते जेवायला गेले आणि मालकाचा कंट्रोलर बघून त्यांच्या घशाखाली भाकरी उतरेना. 330 वॉटचं पॅनेल, बारा व्होल्टांची बॅटरी आणि मध्ये साधा पीडब्ल्यूएम. "अहो, हा नुसता दरवाजा आहे," काका मालकाला सांगू लागले. "पॅनेल थेट बॅटरीला जोडतो, बॅटरी भरत आली की उघडझाप करतो. म्हणजे पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर राबावं लागतं. तुमच्या पॅनेलला 37 व्होल्ट हवेत. इथे मिळतात तेरा. अँपिअर नऊच. तेरा नवे सतरोदरसे!" काकांच्या पिढीचे पाढे अजून पक्के आहेत. "330 चे पैसे मोजलेत आणि 117 खाताय!" मग दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरची, म्हणजे एमपीपीटीची आरती. तो जास्तीचे व्होल्ट खाली उतरवतो आणि त्या बदल्यात अँपिअर वाढवून देतो. उन्हाने पॅनेल तापून 330 चे अडीचशेच उरतात, तरी ते सतरोदरशेच्या दुपटीहून अधिक. मालक आळीपाळीने काकांकडे आणि त्यांच्या ताटातल्या निवत चाललेल्या पिठल्याकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "पण दिवे लागतात की, काका."

या वाक्यावर काकांकडे अजून उत्तर नाही.

एमपीपीटीच घ्यायचा हे तर ठरलं. पण कुठला? या यंत्रांच्या पाठीवर दोन आकडे असतात, 100/30, 150/35 असे. पहिला आकडा पॅनेलकडून किती व्होल्ट सोसेल त्याचा, दुसरा बॅटरीला किती अँपिअर देईल त्याचा. अँपिअर दोन्हींत पुरेसे होते. प्रश्न व्होल्टांचा होता. पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलानुसार काही न जोडता त्याचे 46 व्होल्ट येतात. दोन एकापुढे एक जोडली की 92. शंभराच्या आत, म्हणजे 100/30 चालायला हवा. दुकानदार तेच म्हणाला, वायरमन तेच म्हणाला, बोस्टनहून मुलगाही तेच म्हणाला.

पण लेबलवरचे 46 हे पंचवीस अंश तापमानाचे. पॅनेल गार पडलं की व्होल्ट चढतात, दर अंशाला शेकडा 0.3 च्या आसपास. आणि सगळ्यात गार पॅनेल असतं पहाटे, नेमकं पहिलं ऊन पडतं तेव्हा. काकांनी मुळशीची पहाट आठ अंश धरली. सतरा अंशांचा फरक, शेकडा पाचची चढ, 92 चे झाले 96.7. आकडा एकदा शंभरापलीकडे गेला की कंट्रोलर जळतो आणि वॉरंटीवाले फोन उचलत नाहीत.

उरले तीन व्होल्ट.

तीन व्होल्टांच्या भरवशावर माणसाने झोपावं कसं? काकांनी कमाल-किमान तापमानाचा थर्मामीटर आणून अंगणातल्या आंब्याला टांगला आणि पहाटे साडेपाचला उठून टॉर्चच्या उजेडात तो वाचू लागले. "साडेआठ!" ते खिडकीतून ओरडायचे. "मग गोधडी पांघरा," काकू आतून म्हणायच्या. गावाला ही सगळी गंमत वाटली, पण हिशेब काकांचाच बरोबर होता. कितीतरी बसवणारे लेबलवरचा आकडा वाचून मोकळे होतात आणि थंडीतल्या एखाद्या सकाळी कंट्रोलर का गेला म्हणून डोकं खाजवत बसतात. काकांनी 150/35 पसंत केला. फरक काही हजारांचा.

मग तो विकत घ्यायला ते बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या गल्लीत शिरले. तिथे दुकानदाराने आधी बाराशे रुपयांचा एक डबा पुढे केला, त्यावर ठसठशीत अक्षरात 'एमपीपीटी'. काकांनी तो तळहातावर तोलला. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेची जाडजूड कॉइल असते, वजन लागतं. हा पापडासारखा हलका. "लिहिलंय की वर, काका," दुकानदार म्हणाला. "लिहायला काय लागतं?" म्हणून काकांनी मल्टिमीटर काढला. दुकानातलं छोटं पॅनेल पोऱ्याने बाहेर नेऊन एका स्कूटरच्या सीटवर उन्हात धरलं, दुकानातली एक उतरलेली बॅटरी जोडली, आणि काकांनी टोकं टेकवली. बॅटरीवर 13.1, पॅनेलवर 13.4. खरा असता तर पॅनेल सतरा-अठरावर दिसायला हवं होतं. म्हणजे आत तोच तो दरवाजा, बाहेर नवी पाटी. स्कूटरचा मालक येईपर्यंत सात-आठ माणसं जमली होती. दुकानदार समजूतदार. म्हणाला, "काका, संध्याकाळचे दुकानात बसत जा. पगार देतो."

बसवण्याच्या दिवशी वायरमनने आधी पॅनेलच्या वायरी हातात घेतल्या आणि काका अंगावर धावून गेले. आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना बरोबर उलट. बॅटरी बघूनच कंट्रोलर ठरवतो, आपण बारा व्होल्टांवर आहोत की चोवीस. "लग्नालासुद्धा एवढा मुहूर्त बघत नाहीत," वायरमन पुटपुटला, पण केलं तसंच.

त्यांच्या शेजाऱ्याकडे गोठ्यावर शंभर वॉटची एक प्लेट आहे. खाली एक बॅटरी आणि सातशे रुपयांचा पीडब्ल्यूएम. एमपीपीटी त्यालाही घ्यायला लावायचा, असं काकांच्या मनात होतं. हिशेब मांडला, तर त्या छोट्या पॅनेलचे अठरा व्होल्ट मुळातच बारा व्होल्टांच्या बॅटरीसाठी बेतलेले. एप्रिलच्या उन्हात तापून तेही पंधरावर येतात. फायदा निघाला शेकडा दहा-पंधरा, म्हणजे जेमतेम एक बल्ब.

"पर त्या डब्याला पडतील किती?" शेजाऱ्याने विचारलं.

"चांगला घेतलास तर पाच-सहा हजार."

"त्यात दुसरी प्लेटच यील की!"

काकांनी हे वहीत टिपून घेतलं. पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात.

आता काकांच्या घरी वीज आहे, आणि काकूंच्या मते मनःशांती गेली आहे. कंट्रोलर ब्लूटूथने फोनवर बोलतो. सकाळी 'बल्क', मग 28.8 व्होल्टांवर 'अ‍ॅब्सॉर्प्शन', मग 'फ्लोट'. दोघांचंच घर, दिवे एलईडी, पंखे तीस वॉटवाले बीएलडीसी. चैत्रातल्या दुपारी बाराच्या आतच बॅटऱ्या तुडुंब होतात. मग कंट्रोलर स्वतःच पॅनेलला आवरतं घेतो आणि फोनवर साडेचारशेचे ऐंशी होतात. ऊन डोक्यावर आणि पॅनेल सुट्टीवर! एकेका वॉटसाठी होळीपर्यंत जागलेल्या माणसाला हे कसं बघवेल? "अगं, मिक्सर लाव!" अशी आरोळी येते. काकू शेंगदाण्याचं कूट करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कूट. आळीतली मेतकुटं, चटण्या, डोशाची पिठं सगळी बारा ते दोनमध्ये काकांकडे दळायला येऊ लागली आहेत.

आषाढात नेमकं उलटं. ताम्हिणीचा पाऊस तीन-तीन दिवस उघडत नाही, फोनवर चाळीस वॉट दिसले तरी काका आनंदतात. अशाच एका दिवशी पाहुणा आलेल्या भाच्याने इस्त्री लावली. हजार वॉट. इन्व्हर्टरने किंकाळी फोडली आणि काका अर्धी दाढी करून बाहेर धावले. "उन्हाळ्यात कूट खायचं आणि पावसाळ्यात अंधारात बसायचं," काकू भाच्याला म्हणाल्या, "असं आमचं सोलर."

यावर काकांचा तोडगा लिथियम बॅटरीचा होता. तिला पाणी घालायला नको, तिचं इक्वलायझेशन बंद, तापमानाची भरपाई बंद, चार्जिंगचे व्होल्ट वेगळे. कंट्रोलरच्या सेटिंगची नवी एक्सेल शीट तयार झाली. ती बघून काकूंनी एवढंच विचारलं, की पाऊस असताना लिथियम भरणार कशाने? त्यापेक्षा आणखी एक प्लेट का नाही घेत?

काका गप्प झाले. मग वही उघडली. तीन पॅनेलं, 138 व्होल्ट. थंडीची शेकडा पाच चढ धरून 145. कंट्रोलर 150 चा. पस्तीस अँपिअरमध्ये तिघांची ताकदही जेमतेम बसत होती. त्यांनी लगेच बुधवार पेठेत फोन लावला. दुकानदार हुशार, आवाजावरूनच ओळखलं. "बोला काका, पॅनेल पाठवू? उद्याच टेंपो येतोय तिकडे."

"पाठव," काका म्हणाले. मग जरा थांबले. "नको, उद्या नको. एखाद्या पहाटे सहा अंश झाले तर किती होतात ते आधी बघतो."