सदरहूसाहेब

औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही जुन्या कारखान्यात जा. गेटवर वॉचमन असतो, कॅन्टीनमध्ये पातळ सांबार असतं आणि टाइम ऑफिसात सदरहूसाहेब असतात. मस्टरवर त्यांचं नाव वेगळं असतं, पण शॉपमध्ये ते कुणाला आठवत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, खिशाला दोन पेनं. कुणाचं बोट चेपलं की आधी फर्स्ट एडची पेटी धावते आणि मागोमाग सदरहूसाहेब. पेटीतला कापूस बहुधा संपलेला असतो. साहेबांचे कागद कधी संपत नाहीत.

माणूस पडला, असं ते लिहीत नाहीत. त्यांच्याकडे माणूस पडल्याचे निदर्शनास येते. परवा प्रेस शॉपमधला ठेकेदाराचा हेल्पर तेलावरून घसरला. कपाळाला चार टाके पडले. त्यावर साहेबांनी लिहिलं : ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदरहू कर्मचारी सदरहू ठिकाणी कर्तव्यावर असताना त्याचा तोल गेल्याचे व त्यास किरकोळ इजा पोहोचल्याचे निदर्शनास आले असून, त्यास योग्य ती समज देण्यात आली आहे.’

टाके घालून शिवाय समजही दिली. आणि तेल? ते लादीवर होतं, तिथेच राहिलं. कागदावर डाग नको.

‘किरकोळ’ची त्यांची कसोटी सोपी आहे : माणूस स्वतःच्या पायाने रिक्षात बसला की इजा किरकोळ. यामागे कायद्याचा अभ्यास आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं ८८वं कलम सांगायचं, की अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला कळवावं लागतं. साहेबांना हे कलम रामरक्षेसारखं पाठ. म्हणून सत्तेचाळिसाव्या तासाला कंपनीची जीप त्या हेल्परच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिली. डोक्याला बँडेज बांधून त्याला टाइम ऑफिसातल्या स्टुलावर बसवलं आणि काम दिलं, हातमोजे निवडायचं. डावे एका खोक्यात, उजवे दुसऱ्या. हे सुती हातमोजे कुठल्याही हाताला चालतात, ही बाब अलाहिदा. हजेरी लागली, आणि गेटवरच्या ‘अपघाताविना दिवस’ फलकावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकाने वाढला.

नवे साहेब शिकून आले की सदरहूसाहेब त्यांचंही ऐकतात. हाइनरिश नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१ साली पुस्तक लिहून गणित मांडलं होतं : एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ असतात आणि ३०० प्रसंग नुसतेच थोडक्यात निभावलेले. ते निभावलेले प्रसंग वेळीच टिपावेत म्हणून शॉपमध्ये ‘नियर मिस’ची पेटी लागली आणि प्रत्येक खात्याला महिन्याचा कोटा मिळाला. तो साहेबच भरतात. ‘स्टोअरमध्ये पेन खाली पडले. पायावर पडू शकले असते.’ चाक मोडलेली ट्रॉली मात्र त्या पेटीत कधी येत नाही. ती आली तर कुणाला तरी चाक आणावं लागेल.

मग टोयोटाची पाच ‘का’ विचारायची रीत आली. हेल्पर का पडला? पाय घसरला. का घसरला? लादीवर तेल होतं. तेल का? प्रेस गळते. का गळते? सील गेलंय. सील का बदललं नाही? मागणीपत्रावर खरेदी खात्याची सही नाही. म्हणजे पाचवा ‘का’ जिना चढून थेट एसी केबिनमध्ये घुसतो. साहेब जुने जाणते, त्यांनी दुसऱ्या ‘का’लाच गाडी वळवली. का घसरला? खाली बघितलं नाही. का बघितलं नाही? झोप झाली नव्हती. का? गावी जत्रा होती. जत्रेला का गेला? मूळ कारण : देवाधर्माची ओढ. उपाय : प्रबोधन.

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ साहेबच सांगतात. कामगार हात पुढे करून रांगेत उभे राहतात आणि प्रेस नंबर तीनपाशी रांग आपोआप तेलाला वळसा घालते.

साहेबांना लबाड म्हणवत नाही. खरा लिहिलेला अहवाल ‘पुन्हा सादर करावा’ असा शेरा घेऊन वरून परत येताना त्यांनी पाहिलाय. शिवाय स्वच्छ लिहिता येत नाही, असंही नाही. एकदा ते स्वतःच त्या तेलावरून पडले. उजवं मनगट मोडलं, त्यामुळे मजकूर तोंडी सांगावा लागला. स्टुलावरच्या हेल्परने हातमोजे बाजूला ठेवून तो उतरवून घेतला :

‘सकाळी ७.२०. प्रेस नंबर तीनच्या मागे, खांबाजवळ. लादीवर दोन फूट लांब तेलाचा ओघळ. तेल सिलिंडरच्या सीलमधून येते. सील फेब्रुवारीत मागितले. खरेदी खात्याची सही अजून नाही. मी पडलो. मनगट मोडले.’

यात एकही ‘सदरहू’ नव्हता. तिसऱ्या दिवशी जीप न्यायला आली, तेव्हा साहेबांनी प्लास्टर दाखवून ‘डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत’ म्हणून ती परत पाठवली. फलक शून्यावर आला. सील चार दिवसांत बसलं.

साहेब कामावर परतले त्याच आठवड्यात ती चाक मोडलेली ट्रॉली एका ऑपरेटरच्या पायावर कलंडली. अहवाल वेळेत गेला : ‘सदरहू कर्मचाऱ्याने सदरहू ट्रॉलीकडे पुरेसे लक्ष न दिल्याचे निदर्शनास आले आहे.’