मामाची मांडी आणि लाल कॅलिपर

ज्या माणसाला सांगली-मिरज एवढ्या अंतरातसुद्धा गाडी लागते, त्याला नुर्बुर्गरिंगचा शर्यतीचा रस्ता दाखवावा, असं माझ्या स्टुटगार्टच्या भाच्याला वाटलं. मला भरून आलं. पुढे कळलं की त्याला मामा नको होता, मामाची मांडी हवी होती. त्याची माझदा एमएक्स-५ दोनच सीटची. डिकीत जॅक, पाने आणि हेल्मेटं कोंबलेली. वाटेत कोब्लेंट्सला एका गृहस्थाकडून वापरलेले ब्रेक कॅलिपर घ्यायचे होते, आणि ते ठेवण्याजोगा सपाट भाग गाडीत फक्त माझ्याकडे होता.

चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून धरतो तो कॅलिपर. भाच्याच्या गाडीचे मूळचे कॅलिपर एका पिस्टनचे, पिनांवर सरकणारे. पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि अख्खा कॅलिपर मागे सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. नवे चार पिस्टनचे, अ‍ॅल्युमिनियमचे, जागेवरून न हलता दोन्हीकडून दाबणारे. आणि लाल. भाचा उष्णता आणि वजन यांवर बराच वेळ बोलला, पण रंगावर आला तसा त्याचा आवाज हळवा झाला. त्याचं मन खरं तर ब्रेम्बोवर होतं. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ही कंपनी १९७५ पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक पुरवते. भाच्याच्या पगाराला तिने अजून काही पुरवलेलं नाही. म्हणून कोब्लेंट्स.

मोझेल नदीच्या काठचे द्राक्षमळे फार देखणे आहेत म्हणतात. मी त्या वेळी डोळे मिटून आलेपाक चघळत होतो आणि खोक्याचा कोपरा पोटात रुतत होता.

आडेनाऊ हे नुर्बुर्गरिंगला लागून असलेलं गाव. तिथल्या एका छोट्या गॅरेजात भाच्याच्या ओळखीचे आजोबा होते. त्यांनी जागा दिली, हत्यारं दिली आणि स्टूल ओढून बघत बसले. भाच्याने जुने कॅलिपर काढले, नवे चढवले, जर्मनीतल्या नोकरीत मी त्याच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेला आनंद घेऊन उठला आणि चाक लावायला गेला.

चाक बसेना.

त्याने ते फिरवून पाहिलं. दुसऱ्या बाजूचं आणून पाहिलं. मग, माणूस बुद्धी संपल्यावर करतो तसं, जोर लावून पाहिलं. पंधरा इंची चाकात गोलाईला जागा होती, आडवे येत होते ते चाकाचे आरे. कॅलिपरचं पोट बाहेर आलं होतं. (या मुद्द्यावर मी काही बोललो नाही.) आजोबांनी जर्मनमध्ये एकच प्रश्न विचारला आणि भाचा कानापर्यंत लाल झाला. पुष्कळ उत्पादक कॅलिपरचा मूळ मापातला आराखडा देतात. तो छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि खिशात हात घालण्याआधी चाकात धरून पाहायचा. पुठ्ठा कापलास का, एवढंच ते विचारत होते.

नेमका तेव्हाच आक्काचा फोन आला. तिला गाडीतलं काही कळत नाही. पोरगा परदेशी गेल्यापासून ती एकच विचारते.

“गाडी नीट थांबते ना रे?”

“थांबते की गं आई,” भाचा म्हणाला. “जागची हलतसुद्धा नाही.”

त्याच्या ग्रीस लागलेल्या हातांकडे बघताना मला त्याची भाड्याची सायकल आठवली. तिला ब्रेक नसायचेच. पोरगं चप्पल मागच्या टायरवर दाबून थांबायचं, आणि आक्का चपलेचा झिजलेला तळ बघून त्याला बदडायची, मग रात्री त्याच पायांना तेल चोळायची. फोन ठेवल्यावर तोही थोडा वेळ गप्प होता.

मी स्पेसर सुचवला, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती. हा शब्द मी तिथेच पाच मिनिटांपूर्वी ऐकला होता. आजोबा म्हणाले, त्यालाही कागद लागतो. जर्मनीत कॅलिपरला सातबारा लागतो, असं समजा. मंजुरीचं प्रमाणपत्र नसेल तर अशा बदलाने गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपते. कोब्लेंट्सच्या गृहस्थाने कॅलिपर दिले होते आणि सोबत घरचं जॅमही दिलं होतं. कागद दिला नव्हता.

पुढचं ऐकून तर मला घाम फुटला. फक्त पुढच्या कॅलिपरचे पिस्टन मोठे केले की पुढची चाकं लवकर जाम होतात आणि मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत. गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. याच कॅलिपरांना मी मांडीवर घेऊन आलो होतो! आणि बारक्या कॅलिपरवर प्लास्टिकचं लाल झाकण चढवून हिंडणाऱ्यांची मला आधीच चीड होती. ही तर महागडी झाकणंच निघाली.

आजोबांच्या मते गाडीचं दुखणं वेगळंच होतं. ब्रेक ऑइल जुनं होतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल पितं आणि हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. जुने कॅलिपर पुन्हा चढले. नवं ऑइल, चांगले पॅड, हवा काढणं, बस्स.

मग १९२७ साली सुरू झालेल्या त्या रस्त्यावर, वीस किलोमीटरहून जास्त लांबीची एक फेरी आम्ही मारली. सामान्यांच्या फेऱ्यांच्या वेळी तिथे उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी असते. आम्हाला सगळ्यांनी नियम पाळून डावीकडून ओव्हरटेक केलं. बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे भाचा म्हणाला, “मामा, १९७६ साली लाउडाची गाडी इथेच पेटली होती.” सहा आठवड्यांनी तो फॉर्म्युला वनचा गडी मोंझाच्या शर्यतीत चौथा आला. मी आलेपाकाची शेवटची वडी तोंडात टाकली. प्रत्येक वळणाला गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. मला ती लागली पार्किंगमध्ये.

कॅलिपर अजून भाच्याच्या बाल्कनीत आहेत. फक्त बंदिस्त ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्या, आऱ्यांमागे जागा असलेल्या चाकांच्या कुणा वाचकाला हवे असतील तर कळवावं. रंग लाल, कागद नाहीत. आधी पुठ्ठा कापावा. पोचवायला मी स्वतः येईन, पण रेल्वेने.