गडद म्हणजे नेमकं काय?

कोणत्याही विषयाचा जिल्हावार नकाशा काढा, पुणे गडद लालच. दुचाकी, डेंगी, घटस्फोट, कवी, सगळं पुण्यातच जास्त! आकडा लोकसंख्येने भागायचा राहून गेला, एवढं क्षुल्लक कारण कोण सांगणार? निकालाच्या दिवशी तर मजाच. २०११च्या जनगणनेत पावणेअकरा लाखही न भरलेलं गडचिरोली टीव्हीवर ऐसपैस पसरतं आणि जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटरांत ९३ लाख माणसं कोंबलेलं मुंबई उपनगर अँकरच्या करंगळीखाली झाकलं जातं. मतदारांच्या प्रमाणात लहानमोठी वर्तुळं काढता आली असती. पण मग जिंकलेल्यांचा रंग राज्यभर पसरणार कसा? मतदानाच्या टक्केवारीला तर सात रंग, थेट इंद्रधनुष्य. जांभळा जास्त की पिवळा, हे कळायला कोपऱ्यातली सूची बघावी, तर तिच्यावर चॅनेलचा लोगो.