बाँडवाले डॉक्टर

तळेगाव ढमढेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बाँडवाल्या डॉक्टरचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही. एक जातो, तसाच दुसरा येतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालात की वर्षभर सरकारी सेवा करा, या अटीने तो वेळ नदीच्या काठी येऊन पडतो. “तळेगाव? मग काय, लोकलने येजा!” म्हणणाऱ्या नातेवाइकांना तळेगाव दाभाडे मावळात आणि तळेगाव ढमढेरे शिरूरात, हे समजावून त्याची आई थकते.

अंगाने तो इथे. जीव सगळा पीजीच्या चॉइस-लिस्टमध्ये. पुढची तीन वर्षं कुठे काढायची, त्याची एक्सेल शीट तयार असते. स्टायपेंड किती, मेस कशी, युनिट टॉक्सिक की चिल, कटिंग (म्हणजे स्वतः ऑपरेशन करायला) मिळतं का, सिनियर झोपू देतात का? हा शेवटचा रकाना पिवळा केलेला. मुलीसाठी स्थळ बघणारा बापसुद्धा इतके फोन करत नाही. पहिली पसंती रेडिओलॉजी, दुसरी स्किन. कारण उघड आहे, रात्री दोन वाजता गजकर्णासाठी कुणी दार ठोठावत नाही.

ओपीडीत आजी म्हणते, “डाक्टर, सुई मारा की.”

“गोळीनं बरं वाटेल, आजी.”

“म्हंजी अजून शिकताय व्हय?”

यंदाच्या डॉक्टरची गोष्ट. लिस्ट लॉक करायची शेवटची रात्र, आणि उसाला पाणी द्यायला गेलेल्याला घोणस चावली. (शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, हे घोणशीलाही ठाऊक.) डॉक्टरने कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेतलं आणि 20 मिनिटं ती नळी हलू दिली नाही. टेबलावर फोन थरथरत होता, “लॉक केलं का?” त्याने बघितलं नाही. नळी तिरकी केली तर रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं पातळ; म्हणजे विष भिनलेलं. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या 10 कुप्या सलाइनमधून सोडल्या, 108 बोलावली. वाघोलीचं ट्रॅफिक पार करून पेशंट पुण्यात पोचला आणि वाचला.

गावाने ठरवलं, हा आता मेडिसिनच घेणार. पठ्ठ्याने गाडी हलल्यावर पहिल्या नंबरवर रेडिओलॉजी ठेवूनच लिस्ट लॉक केली होती. म्हणाला, “घोणस कुणाला एक्स-रे रूममध्ये चावत नाही.”

त्याच्या बाँडचे अजून चार महिने आहेत. मंडळी, ऊसतोड तेवढ्यात उरकून घ्या.